दवंडी दिल्याचा दाखला

भाईंदर (पूर्व)
७ ऑक्टोबर १९८८

आदरणीय आक्का,

कोंडिरामचा सप्रेम जय भीम. दादांची तब्येत कशी आहे? त्यांना म्हणावं, खोकल्याचं औषध मधेच सोडू नका.

तू विचारलंस की नगरपालिकेत मी नेमकं काय करतो. तू शाळेत सगळ्यांना 'भाऊ साहेब झाला' असं सांगून ठेवलं असणार, मला माहीत आहे. तर ऐक. साहेबाकडे एक खळीची बादली आहे, एक ब्रश आहे आणि ऑफिसची एक सायकल आहे, तिला ब्रेक नाही. पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, कुत्र्यांना टोचायची गाडी कधी येणार, मतदारयादीत नाव नसेल तर कुठे जायचं, या सगळ्याच्या नोटिसा मी चिकटवत फिरतो. अजून रोजंदारीवर आहे. कायम व्हायची यादी पुढच्या वर्षी निघेल म्हणतात.

मीरा रोडला शांती नगरात नव्या बिल्डिंगी झाल्यात. तिथे मी खळ लावायच्या आधीच मागे चार माणसं उभी राहतात. सेक्रेटरी म्हणतो, "भैया, दीवार पे नहीं, बोर्ड पे लगाओ, और एक कॉपी मुझे दो." लोक डायरीत उतरवून घेतात. खाडीकडच्या खाजणपाड्यात सगळं उलट. तिथे मी कागद लावला की बाया मासळी निवडता निवडता विचारतात, "कागुद ठीक हाय, डबा कवा वाजनार?" तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे ग्रामपंचायत होती. रामू नावाचा म्हातारा रॉकेलचा रिकामा डबा वाजवत गल्लीगल्लीतून ओरडत जायचा. डब्याने सांगितलं ते सरकारचं, भिंतीवरचं कोणाचंही, असा पाड्याचा कायदा. रामू मागच्या वर्षी वारला. त्याच्या जागी कोणी भरला नाही.

गेल्या सोमवारी नव्या रस्त्याची नोटीस निघाली. रस्ता खाजणपाड्यातून जाणार. अकरा घरं आणि मासळी सुकवायचं मैदान त्यात जातंय. कोणाची हरकत असेल तर ऑक्टोबरअखेर लेखी द्यायची. अशी नोटीस बोर्डावर लावायची, गावात चिकटवायची आणि दवंडीही द्यायची, असा नियम आहे. हेडक्लार्कने कपाटावरून रामूचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "कोंडिराम, हे तुमच्याकडचंच काम. तुला शिकवायला लागणार नाही."

रागाने नाही बोलला तो, आक्का. बशीत चहा ओतता ओतता सहज बोलला. त्यानेच जास्त लागलं.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी गावाची हलगी सोडली तेव्हा गावाने आमचं पाणी तोडलं होतं. मी या डब्याला हात लावणार नाही." ऑफिसात पाच-सहा जण ऐकत होते. डबा परत कपाटावर गेला.

मंदा बरी आहे. तेजश्रीला दोन दात आलेत आणि ती ते सगळ्यांवर वापरून बघतेय.

तुझा,
कोंडिराम


मु. पो. हिंगणी, ता. कळंब
२१ ऑक्टोबर १९८८

प्रिय कोंडिराम,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचं आहे, पण आज त्याबद्दल माफ.

दादांनी हलगी सोडली तेव्हा मी सात वर्षांची होते, तू जन्मला नव्हतास. दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी हलगी चावडीच्या पायरीवर नेऊन ठेवली. सात महिने आपल्याला कोणी काम दिलं नाही. माय तीन कोसांवरून पाणी आणायची. त्या पाण्याचा एकेक थेंब आठवतो मला. म्हणून तू जे केलंस ते माझ्यासाठी किती मोठं आहे, हे तुला कळणार नाही.

धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी विहारात सगळे जमले होते. मी उभी राहिले आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी चौथीच्या वर्गालाही सांगणार आहे.

दादांनाही घरी वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. खांबाला टेकून बसून राहिले. त्यांचा ऊर भरून आला असणार.

कायम व्हायच्या यादीवर लक्ष ठेव. त्या नोकरीसाठी मी किती जणांच्या पायऱ्या झिजवल्या ते तुला माहीत आहे. मान ताठ ठेव, पण हजेरीही वेळेवर लाव.

तुझी,
वैजयंताआक्का


भाईंदर (पूर्व)
५ मार्च १९८९

आदरणीय आक्का,

जय भीम. चार महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. कामच तसं होतं.

आधी गोड बातमी. कायम व्हायच्या यादीत माझं नाव आहे, सातव्या नंबरवर. ऑर्डर मे महिन्यात हातात येईल. मंदाने ऐकलं त्या दिवशी शेजारच्या गुजराती बाईकडून रवा आणून शिरा केला. आता जेसल पार्ककडे एखादी बरी खोली बघू म्हणतेय. तेजश्री भिंतीला धरून चालते.

दुसरं म्हणजे, त्या रस्त्याचं काम पुढे गेलंय. मोजणीवाले खाजणपाड्यात येऊन गेले. अकरा दारांवर लाल रंगाने नंबर घातलेत. आता पाड्यात रोज ओरडा चाललाय की आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्हाला कोणी सांगितलं नाही. मुदत संपून चार महिने झाले, आता जाग आली.

तिथे अंबिका म्हणून एक बाई आहे, साठीची असेल. मी नोटीस लावायला गेलो की मला सावलीत बसवून पाणी द्यायची. तिचा म्हातारा नवरा पौषात गेला. घर चौथ्या नंबरवर आहे. परवा तिने मला अडवलं. म्हणाली, "हरकत कवा घ्यायची व्हती? डबा तर वाजला न्हाय." मी म्हटलं, "मावशी, नोटीस तुमच्याच भिंतीवर होती. महिनाभर होती." ती म्हणाली, "भित काय बोलते का?"

आता यांना काय सांगायचं, आक्का? जग कुठे चाललंय आणि हे अजून डब्याची वाट बघत बसलेत. एखाद्या पोराला बोलावून वाचून घ्यायला काय झालं होतं? शांती नगरातली माणसं वाचतात, मग यांना काय धाड भरली? स्वतः डोळे मिटून बसायचं आणि मग शिपायाला धरायचं. मी आता त्या बाजूला जाणंच टाळतो.

दादांना नमस्कार. ते सांगतील त्या दोन ओळी लिहून पाठव.

तुझा,
कोंडिराम


हिंगणी
१७ मार्च १९८९

प्रिय कोंडिराम,

आशीर्वाद. यादीत नाव आलं, वाचून जीव भांड्यात पडला. मंदाला आणि तेजश्रीला माझे पापे. ऑर्डर हातात पडेपर्यंत मात्र कोणाला सांगत फिरू नकोस.

आता दुसरं. मी वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासते आहे. उत्तर कुठे आपलं आहे आणि कुठे शेजाऱ्याचं, ते मला अक्षरावरून कळतं. तुझ्या पत्रात एक अख्खं पान राग आहे आणि तो एका विधवा म्हाताऱ्या बाईवर आहे. लहानपणी पाटी फुटली की तू दगडाला लाथा मारायचास.

सरळ विचारते. नियमात दवंडी होती ना? तू दिली नाहीस, ठीक. मग कोणी दिली?

मी तुला मागे लिहिलं होतं की दादा पत्र ऐकून काही बोलले नाहीत. ते खोटं होतं. मी वाचून थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "मग पाड्याला सांगितलं कुणी?" मला त्यांचा राग आला. इतकी मोठी गोष्ट पोराने केली आणि यांना पाड्याची पडली आहे. मी म्हटलं, कोणीतरी सांगितलं असेल. मग त्यांनी दर आठ-दहा दिवसांनी विचारायला सुरुवात केली. चहा घेताना विचारतात, अंगणात बसल्यावर विचारतात, म्हणतात, "कोंड्याचं पत्र आलं का? सांगितलं का कुणी?" मी टाळत राहिले. विहारात टाळ्या घेऊन बसले होते ना मी.

या वेळचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा अंबिकाबाईचा भाग गाळला. पण मला तू खरं लिही.

आक्का


भाईंदर (पूर्व)
२ एप्रिल १९८९

आक्का,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तुझं पत्र मी मंदासमोर फोडलं नाही. जिन्यात उभा राहून वाचलं.

दवंडी कोणीच दिली नाही.

मी डबा नाकारला ते खरं आहे. ते मी लिहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीचं लिहिलं नाही. हेडक्लार्कने एक छापील फॉर्म पुढे केला. वर लिहिलं होतं, 'दवंडी दिल्याचा दाखला'. खाली मजकूर, की अमुक तारखेला गावात दवंडी पिटवून नोटिशीचा मजकूर ग्रामस्थांना समजावून सांगितला. खाली माझी सही आणि दोन पंचांच्या सह्या. तो म्हणाला, "वाजव नाहीतर नको वाजवू, मला फाइल पूर्ण पाहिजे. यादीला नाव जायचंय ना तुझं?" एवढंच बोलला.

मला वाटलं, जिंकलो. डब्याला हात लावायला लागला नाही आणि नोकरीही राहिली. फॉर्म खिशात घालून मी सायकलवर काशीमीऱ्याला गेलो. तिथे हायवेवरच्या हॉटेलात दोन ट्रकवाले जेवत होते. त्यांना म्हटलं, सरकारी काम आहे, इथे सही करा. एकाने केली, दुसऱ्याने अंगठा दिला. मी चहा प्यायलो आणि परत आलो. खाजणपाड्यात गेलोसुद्धा नाही.

तुझं कौतुकाचं पत्र मला सव्वीस तारखेला मिळालं. मुदत संपायला पाच दिवस बाकी होते. पत्र हातात घेऊन मी खाटेवर बसलो होतो आणि मला ते आठवलं, आक्का. उद्या सकाळी जाऊन अकरा दारांत नुसतं तोंडाने सांगितलं तरी पुरेल, हे माझ्या मनात आलं होतं. पण विहारातल्या टाळ्यांचं वाचलं आणि वाटलं, मी काही चुकीचं केलेलं नाही. मग ते पाच दिवसही गेले.

आता पाड्याने वकील केलाय. चोवीस तारखेला वरच्या साहेबांपुढे सुनावणी आहे. वकिलाचं म्हणणं एकच, दवंडी झालीच नाही, म्हणून मुदत पुन्हा द्या. आणि ऑफिसच्या फाइलीत माझी सही आहे की झाली. पाड्यातली शंभर माणसं नाही म्हणाली तरी कागदापुढे त्यांचं काही चालणार नाही. मला हजर राहायला सांगितलंय. हेडक्लार्क म्हणतो, फक्त 'सही माझी आहे' एवढं म्हण आणि खाली बस. त्यात खोटं काहीच नाही, सही माझीच आहे.

खरं बोललो तर ऑर्डर गेली, नोकरीही गेली. मंदाला मी अजून सांगितलेलं नाही. मी काय करू?

कोंडिराम


हिंगणी
९ एप्रिल १९८९

प्रिय कोंडिराम,

तुझं पत्र दादांना वाचून दाखवलेलं नाही. विचारतात, मी म्हणते आलं नाही.

दोन दिवस शाळेत लक्ष लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं ते लिहिते. गप्प राहा.

मला माहीत आहे मी काय लिहिते आहे. चौथीच्या पोरांना 'नेहमी खरे बोलावे' हे मीच सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिते. पण त्या पोरांच्या नोकऱ्या जाणार नसतात. आपल्या घरात कायम पगाराचा पहिला माणूस मी, दुसरा तू होणार. त्याच्यासाठी माय खडी फोडत होती. मंदाच्या पदरात वर्षाची पोर आहे. तू खरं सांगितलंस तर हेडक्लार्क सुटेल, साहेब सुटतील, अडकशील तू एकटा. नेहमी आपणच अडकतो. झाकली मूठ राहू दे.

वकील हुशार असेल तर दुसरी काही वाट काढेल. रस्ता कधीतरी होणारच आहे.

मी भित्री झाले असं म्हण. ऑक्टोबरात मला अभिमान वाटला तेव्हा त्याची किंमत पाड्याने भरली, हे मला आता कळतंय. तरी मी तुला गप्पच राहा म्हणते आहे. मला त्याची लाज वाटते, पण मत बदलत नाही.

आक्का


भाईंदर (पूर्व)
२८ एप्रिल १९८९

आदरणीय आक्का,

तुझं ऐकलं नाही. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मंदाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तेजश्रीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. मग म्हणाली, चौथ्या नंबरचं घर आपलं असतं तर?

साहेब म्हातारे होते, शांत. पाड्यातली पंधरा-वीस माणसं भिंतीकडेला उभी होती. साहेबांनी फाइल उघडून मला विचारलं, सही तुमचीच का? मी हो म्हटलं. हेडक्लार्कने मान हलवली. साहेब पान उलटणार होते. मी म्हटलं, "सही माझी आहे, साहेब. पण मी दवंडी दिली नाही. त्या दिवशी मी काशीमीऱ्याला हॉटेलात चहा पीत होतो."

साहेबांनी विचारलं, हे पंच कोण? मी म्हटलं, ट्रकवाले. एक सुरतला निघाला होता, दुसऱ्याचं नाव मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, दवंडी का दिली नाही? वडिलांचं, हलगीचं सांगावं असं वाटलं. पण भिंतीकडे अंबिकामावशी उभी होती. तिच्यापुढे ते सांगायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "डबा वाजवायचा नव्हता म्हणून. तोंडाने सांगता आलं असतं. ते मी केलं नाही." हेडक्लार्कचं नाव साहेबांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. ते बरोबर केलं की चूक, अजून ठरवतोय.

साहेबांनी मुदत पुन्हा दिली. पंचवीस एप्रिल ते चोवीस मे. मला त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं की उद्यापासून येऊ नका. सायकल जमा केली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला लवू डबा घेऊन खाजणपाड्यात गेला. तो कोकणातला, भजनात टाळ वाजवणारा, त्याला डब्याची लाज नाही आणि कोणाची सक्तीही नाही. मी त्याच्या पुढे पुढे दारोदार गेलो आणि तारीख सांगत सुटलो. काहींनी ऐकून घेतलं. एकाने दार लावलं. अंबिकामावशी उंबऱ्यात बसली होती. मी म्हटलं, "मावशी, आता तीस दिवस आहेत." ती म्हणाली, "घर म्हाताऱ्याच्या नावावर हाय. तवा तो जिता व्हता, अंगठा दिला असता. आता त्याचा अंगठा कुटून आनू?"

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, ज्याच्या नावावर घर, त्याचीच हरकत चालते. वारस म्हणून तिचा अर्ज तलाठ्याकडे दाखल झाल्याचा शिक्का तरी हवा, नाहीतर दहा घरांचं ऐकतील आणि चौथा नंबर जाईल. ऑक्टोबरात मी गेलो असतो तर म्हातारा स्वतः चालत ऑफिसात आला असता.

कोंडिराम


हिंगणी
८ मे १९८९

प्रिय कोंडिराम,

रागावले होते. एक दिवस जेवले नाही. आता नाही रागावलेली.

दादांना सगळी पत्रं वाचून दाखवली, गाळलेलं सगळं, माझ्या पत्रांत मी काय लिहिलं होतं तेही. शेवटी मी म्हटलं, दादा, तुम्ही हलगी सोडली म्हणूनच त्याने डबा नाकारला ना, मग त्याचं चुकलं कुठे?

ते म्हणाले, "मी हलगी सोडली ती दारोदार शिळ्या भाकरीला हात पसरायचा नव्हता म्हणून. गावाला कळू नये म्हणून नव्हती सोडली." मग म्हणाले की हलगी सोडल्यावर आलेल्या पहिल्याच पावसाळ्यात वरचा तलाव फुटायला आला होता. पाटलाच्या गल्लीने आपलं पाणी अजून बंदच ठेवलेलं होतं. तरी ते त्या गल्लीत धावत गेले आणि प्रत्येक दाराची कडी वाजवून सांगून आले. परत येऊन मायला म्हणाले, पाणी प्यायला दे. घरात पाणी नव्हतं. ही गोष्ट मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळली, कोंडिराम. विहारात मी कधी ती सांगितली नाही, कारण मला ती माहीतच नव्हती.

दादांचा तुला निरोप आहे, तसाच्या तसा लिहिते. "नोकरीचं वाईट वाटून घेऊ नको. पण चौथ्या घराचं काम होईपर्यंत गावी येऊ नको."

मंदाला आणि पोरीला इकडे पाठव. शाळेला सुट्टी आहे, मी घरीच आहे.

आक्का


भाईंदर (पूर्व)
२६ मे १९८९

आदरणीय आक्का,

मंदा आणि तेजश्री सुखरूप पोचल्याचं कळलं. पोर तुझ्या चौथीच्या वर्गात शोभेल इतकी बडबड करत असेल.

आधी निकाल सांगतो. अंबिकामावशीची हरकत परवा, चोवीस तारखेला, ऑफिस बंद व्हायच्या अर्धा तास आधी दाखल झाली. अकरापैकी अकरावी. घर राहील की जाईल, ते पावसाळ्यानंतर कळेल. वकील म्हणतो, दहा घरांची आशा बरी आहे, चौथ्याचं सांगता येत नाही, कारण तिचा कागद कच्चा आहे. मला कायमची नाही, पण एका गोदामात हजेरी लिहायची नोकरी मिळतेय. एक तारखेपासून जाईन.

आता तो शिक्का कसा मिळाला ते सांगतो. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मी आजवर काउंटरच्या आतून बघत होतो. या वेळी बाहेरून बघितलं. तलाठी ऑफिसला आम्ही नऊ वेळा गेलो. कधी तलाठी नाही, कधी रजिस्टर नाही, एकदा दोन्ही होते तर मृत्यूचा दाखला नव्हता. तो काढायला चार दिवस गेले. मी सकाळी पाड्याच्या नाक्यावर उभा राहायचो. ती यायची, माझ्याकडे न बघता पुढे चालायला लागायची. मी चार पावलं मागे. नऊ वेळांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाकावर मी या टोकाला, ती त्या टोकाला. मी पाणी आणून मधे ठेवायचो, ती प्यायची नाही.

परवा अखेरचा दिवस. दुपारी तीनला तलाठ्याचा क्लार्क सापडला. अर्ज मी लिहिलेला होताच, तिने अंगठा दिला. क्लार्क म्हणाला, अर्जदाराला ओळखणाऱ्या माणसाची सही लागेल. पाड्यातली सगळी माणसं होड्यांवर आणि बाजारात. तिथे मीच होतो. मी पेन काढलं. क्लार्क म्हणाला, थांबा, नातं काय लिहू? मग मावशीकडे बघून त्याने विचारलं, "हा कोण तुमचा?"

मी खाली मान घातली. ती काय सांगेल आणि मला काय ऐकावं लागेल, दोन्ही मला माहीत होतं. ती शाईचा अंगठा पदराला पुसत राहिली. मागची रांग कुरकुर करायला लागली.

मग ती म्हणाली, "ह्यानेच माजा घर घालवला, आनि ह्योच माजा कागुद लिवतोय. तुमाला काय लिवायचा ता लिवा."

क्लार्कने पेन उचलून थोडा विचार केला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'ओळखीचा'.

तुझा,
कोंडिराम